विशेषणानंतर ‘टु’ आला की आधी विचारा : क्रिया कोण करतो?

सातारा-सांगलीकडे मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘आय ॲम हॅपी’ किंवा ‘धिस रोड इज डेंजरस’ एवढे इंग्रजी सहसा अडत नाही. आनंद कशाचा झाला आणि रस्ता नेमका कशासाठी धोक्याचा आहे, हे सांगण्याची वेळ आली की मात्र विशेषणाला क्रियापद जोडावे लागते आणि तिथे जीभ अडखळते. मुलाखतीला बसल्यावर ‘तुम्हाला भेटून आनंद झाला’ असे म्हणायचे असते, कास पठार पाहायला आलेल्या पाहुण्याला ‘धुक्यात हा रस्ता दिसायला अवघड असतो’ असे बजावायचे असते, कारखान्यातल्या साहेबांना ‘मला उद्या लवकर येणे शक्य नाही’ असे कळवायचे असते. इंग्रजीत या तिन्ही वाक्यांचा सांगाडा वरवर सारखाच दिसतो: आधी विशेषण, मग ‘टु’, मग क्रियापद. प्रत्यक्षात त्यांच्या रचना वेगवेगळ्या आहेत, आणि त्या ओळखण्यासाठी बहुतेक वेळा एकच प्रश्न पुरतो: ‘टु’च्या पुढची क्रिया कोण करतो? पुढचे सगळे विवेचन याच प्रश्नाभोवती आहे. उदाहरणांतली इंग्रजी वाक्ये कानाला ऐकू येतात तशी देवनागरीत दिली आहेत. ती मनात न वाचता मोठ्याने म्हणावीत.

पहिली पायरी : क्रियापदाचे रूप

‘टु’ आणि क्रियापदाचे मूळ रूप यांच्या जोडीला व्याकरणात इन्फिनिटिव्ह म्हणतात. ‘टु गो’, ‘टु सी’, ‘टु बी’ ही त्याची उदाहरणे. काळ बदलला, कर्ता बदलला, तरी हे रूप बदलत नाही, कारण काळ दाखवण्याचे काम आधीच्या ‘इज’, ‘वॉज’ किंवा ‘विल बी’ने केलेले असते. म्हणून ‘काल त्याला पाहून बरे वाटले’ याचे इंग्रजी ‘आय वॉज ग्लॅड टु सी हिम’ असे होते. भूतकाळ आहे म्हणून ‘टु सॉ’ म्हणायचे नाही. ‘टु सीइंग’ही नाही. नकार द्यायचा असेल तर ‘नॉट’ हा ‘टु’च्या आधी येतो. पावसाळ्यात सज्जनगडाच्या पायऱ्या चढणाऱ्याला ‘बी केअरफुल नॉट टु स्लिप’, म्हणजे ‘घसरणार नाही याची काळजी घ्या’, असे सांगता येते. बोलताना या ‘टु’वर जोर नसतो, तो जवळजवळ ‘ट’सारखा घाईने उच्चारला जातो.

दुसरी पायरी : वाक्याचा कर्ता स्वतःच क्रिया करतो

सर्वात सोपा गट हा आहे. ‘आय ॲम ग्लॅड टु मीट यू’ या वाक्यात आनंद झालेला मीच आणि भेटलेलाही मीच. ‘हॅपी’, ‘ग्लॅड’, ‘सॉरी’, ‘सरप्राइज्ड’, ‘प्राउड’ यांसारखी भावना सांगणारी विशेषणे या गटात येतात, आणि त्यांच्या पुढचा ‘टु’ बहुधा भावनेचे कारण सांगतो. मराठीत आपण हेच ‘भेटून’, ‘ऐकून’, ‘पाहून’ अशा रूपांनी बोलतो. त्यामुळे ‘ऐकून वाईट वाटले’ असे मनात आले की ‘आय ॲम सॉरी टु हिअर धिस’ हे तोंडी तयार असावे.

‘रेडी’, ‘विलिंग’, ‘ईगर’, ‘ॲन्क्शस’ ही विशेषणेही याच गटातली, पण ती पुढे करायच्या गोष्टीकडे पाहतात. साताऱ्याच्या एमआयडीसीत किंवा पुण्याच्या एखाद्या कंपनीत मुलाखत द्यायला जाणाऱ्याने ‘आय ॲम रेडी टु वर्क इन शिफ्ट्स’ आणि ‘आय ॲम विलिंग टु मूव्ह टु पुणे’ ही दोन वाक्ये पाठ केली तर वेळ वाया जाणार नाही. ‘रेडी’ म्हणजे तयारी झालेली आहे आणि ‘विलिंग’ म्हणजे मनाची तयारी आहे, हा फरक मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात येतो.

इथे एका चुकीकडे आधीच लक्ष वेधतो, कारण ती चूक या भागात सर्रास ऐकू येते. ‘आय ॲम एक्सायटिंग टु जॉइन’ असे म्हटले तर ‘मी फार थरारक माणूस आहे’ असा काहीसा अर्थ निघतो आणि पुढचा ‘टु जॉइन’ लोंबकळत राहतो. भावना ज्याला होते त्याच्यासाठी ‘एक्सायटेड’, आणि भावना जी गोष्ट निर्माण करते तिच्यासाठी ‘एक्सायटिंग’. म्हणून ‘आय ॲम एक्सायटेड टु जॉइन’ बरोबर आहे आणि ‘इट इज एक्सायटिंग टु वर्क हिअर’ हेही बरोबर आहे. ‘सरप्राइज्ड’ आणि ‘सरप्रायझिंग’ यांचेही तसेच.

तिसरी पायरी : ‘मला’ने सुरू होणारी मराठी वाक्ये

या पायरीवर थोडे थांबायला हवे, कारण मराठी माणसाच्या चुका मुख्यतः इथे होतात. मराठीत अडचण, शक्यता, सोय, गरज या सगळ्यांची वाक्ये ‘मला’ने सुरू होतात: मला अवघड जाते, मला शक्य नाही, मला सोयीचे पडेल, मला गरजेचे आहे. ‘मला’ म्हणजे ‘मी’च, असे धरून विद्यार्थी वाक्याची सुरुवात ‘आय ॲम’ने करतो आणि म्हणतो, ‘आय ॲम डिफिकल्ट टु अंडरस्टँड इंग्लिश.’ हे वाक्य नीट उलगडून पाहू. ‘आय ॲम डिफिकल्ट’ एवढ्याचा अर्थ ‘माझ्याशी निभावणे कठीण आहे’ असा होतो. त्याला ‘टु अंडरस्टँड’ जोडले की ‘मी समजायला अवघड आहे’, म्हणजे माझे बोलणे किंवा माझा स्वभाव इतरांना कळत नाही, असा अर्थ निघतो. शेवटी आलेल्या ‘इंग्लिश’ला मग वाक्यात जागाच उरत नाही. समजण्याची क्रिया मी करतो हे खरे, पण अवघड मी नाही. अवघड आहे ते समजणे.

म्हणून इंग्रजी इथे कर्त्याच्या जागी ‘इट’ बसवते आणि खरा कर्ता ‘फॉर’ लावून मागे नेते: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टु अंडरस्टँड इंग्लिश.’ या ‘इट’ला स्वतःचा काही अर्थ नाही, तो केवळ जागा भरतो. खरे सांगायचे तर बोलण्यात याहूनही सहज वाटणारी रचना ‘आय फाइंड इट डिफिकल्ट टु अंडरस्टँड फास्ट इंग्लिश’ ही आहे. ज्यांना ‘मला’चे रूपांतर ‘आय’ने करण्याची सवय सुटत नाही, त्यांनी ‘आय फाइंड इट’ एवढा तुकडा जिभेवर बसवावा. मग ‘आय’ने सुरुवात करूनही वाक्य चुकत नाही. ‘आय फाइंड इट ईझी टु टॉक टु हर’, ‘आय फाइंड इट हार्ड टु गेट अप अर्ली’ अशी वाक्ये रोजच्या बोलण्यात चपखल बसतात.

‘पॉसिबल’ आणि ‘इम्पॉसिबल’ यांबाबत अधिक काटेकोर असावे लागते. ‘आय ॲम नॉट पॉसिबल टु कम’ हे वाक्य रजेच्या अर्जात आणि मोबाइलवरच्या निरोपात इतक्या वेळा दिसते की ते बरोबरच असावे असे वाटू लागते. माणूस ‘पॉसिबल’ नसतो. येणे ‘पॉसिबल’ असते किंवा नसते. ‘इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टु कम टुमारो’ असे लिहावे, किंवा सरळ ‘आय कॅनॉट कम टुमारो’ म्हणून मोकळे व्हावे. ‘नेसेसरी’ आणि ‘कन्व्हीनियंट’ यांनाही हाच नियम लागू आहे. ‘तुम्हाला कधी सोयीचे पडेल?’ असे विचारताना ‘व्हेन आर यू कन्व्हीनियंट?’ न म्हणता ‘व्हेन इज इट कन्व्हीनियंट फॉर यू टु मीट?’ असे म्हणावे.

चौथी पायरी : कर्ता क्रिया करत नाही, क्रिया त्याच्यावर होते

आता एक सुखाची बाब. ‘या पायऱ्या चढायला अवघड आहेत’, ‘हा प्रश्न सोडवायला सोपा आहे’, ‘हे गाणे ऐकायला गोड आहे’ अशी वाक्ये मराठीत आपण सहज बोलतो, आणि इंग्रजीची रचनाही अगदी याच वळणाची आहे: ‘दीज स्टेप्स आर डिफिकल्ट टु क्लाइम्ब.’ पायऱ्या स्वतः चढत नाहीत, चढणारे आपण. म्हणजे वाक्याचा कर्ता हा क्रियापदाचे कर्म आहे. ‘ईझी’, ‘हार्ड’, ‘डिफिकल्ट’, ‘डेंजरस’, ‘प्लेझंट’, ‘इम्पॉसिबल’, ‘एक्स्पेन्सिव्ह’ ही विशेषणे अशी वापरली जातात. तिसऱ्या पायरीवरच्या ‘इट’च्या वाक्यातून हे वाक्य सहज तयार होते: ‘इट इज डिफिकल्ट टु क्लाइम्ब दीज स्टेप्स’ यातल्या पायऱ्या उचलून पुढे आणायच्या आणि ‘इट’ काढून टाकायचा.

पुढे आणलेली वस्तू मागे पुन्हा सांगायची नाही, ही इथली खबरदारी. ‘धिस रोड इज डेंजरस टु क्रॉस इट’ चुकीचे आहे. ‘धिस रोड इज डेंजरस टु क्रॉस’ एवढेच पुरे. याउलट क्रियापदाला लागणारे शब्दयोगी अव्यय मात्र शेवटी राहू द्यायचे असते. ‘त्यांच्याशी बोलायला मोकळेपणा वाटतो’ हे ‘ही इज ईझी टु टॉक टु’ असे होते. शेवटचा ‘टु’ गाळला तर ‘त्यांच्याशी’मधला ‘शी’ हरवतो. ‘धिस चेअर इज कम्फर्टेबल टु सिट ऑन’ यातला ‘ऑन’ही तसाच. वाक्य अर्धवट सुटल्यासारखे वाटून ते पूर्ण करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

दुसरा आणि चौथा गट दिसायला किती सारखा असू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या १९६० च्या दशकातल्या लेखनामुळे सर्वतोमुखी झाले: ‘जॉन इज ईगर टु प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टु प्लीज’. पहिल्या वाक्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला उत्सुक आहे; दुसऱ्यात जॉनला खूश करणे सोपे आहे. शब्दांची मांडणी तीच, फक्त एक विशेषण बदलले आणि क्रिया करणारा माणूस बदलला. ‘रेडी’सारखे एखादे विशेषण तर दोन्ही गटांत बसते. ‘द चिकन इज रेडी टु ईट’ याचे मराठी ‘कोंबडी खायला तयार आहे’ असे केले तरी कोंबडी दाणे खाणार की पाहुणे कोंबडी खाणार, हे प्रसंगावरूनच कळते.

विशेषणाला लागून नाम आले तरी हीच रचना चालते: ‘अ डिफिकल्ट क्वेश्चन टु आन्सर’, ‘अ गुड प्लेस टु लिव्ह’. सातारकर आपल्या गावाविषयी हे दुसरे वाक्य कोणी न विचारताही ऐकवतील.

पाचवी पायरी : ‘फॉर’ की ‘ऑफ’

तिसऱ्या पायरीवर कर्त्यासाठी ‘फॉर’ आला. काही विशेषणांपुढे मात्र ‘ऑफ’ लागतो, आणि यामागचे कारण सोपे आहे. ‘काइंड’, ‘नाइस’, ‘जेनेरस’, ‘फूलिश’, ‘केअरलेस’, ‘रूड’ ही विशेषणे क्रियेचे वर्णन करता करता करणाऱ्या माणसाच्या स्वभावालाही लागू पडतात. ‘इट वॉज काइंड ऑफ यू टु वेट’ म्हणजे तुम्ही थांबलात हा तुमचा चांगुलपणा. ‘डिफिकल्ट’ किंवा ‘नेसेसरी’ हे कोणाच्या स्वभावाचे वर्णन नाही, म्हणून तिथे ‘फॉर’. ‘गुड’ दोन्हीकडे बसते आणि अर्थ पालटतो: ‘इट इज गुड फॉर यू टु वॉक’ म्हणजे चालणे तुमच्या तब्येतीला चांगले; ‘इट वॉज गुड ऑफ यू टु वॉक विथ माय मदर’ म्हणजे आईसोबत चालत गेलात, हे तुमचे चांगले मन. पहिले वाक्य डॉक्टर म्हणतील आणि दुसरे उपकार मानणारा मुलगा.

सहावी पायरी : ‘टू’ आणि ‘इनफ’

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याकडे पाहून ‘हे इतके जड आहे की उचलत नाही’ असे आपण म्हणतो. इंग्रजीत ‘इतके… की… नाही’ ही सारी कसरत एका दीर्घ ‘टू’ने होते: ‘धिस सॅक इज टू हेवी टु लिफ्ट.’ मराठी वाक्यात ‘नाही’ आहे म्हणून ‘टू हेवी टु नॉट लिफ्ट’ असे बोलायचे नाही, कारण नकार ‘टू’च्या पोटातच आहे. कोणाला झेपत नाही हे सांगायचे असेल तर पुन्हा ‘फॉर’ येतो: ‘टू हेवी फॉर माय फादर टु लिफ्ट.’ आपल्याकडे कौतुक म्हणून ‘युअर डॉटर इज टू गुड’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मित्रमंडळींत ते खपते, पण लिखाणात ‘टू’चा अर्थ ‘नको तेवढे’ असाच घेतला जातो, तेव्हा कौतुकासाठी ‘व्हेरी’ वापरावा.

‘इनफ’ नेमका उलट अर्थ देतो आणि मराठीतल्या ‘-ण्याइतका’शी त्याचे चांगले जुळते. त्याची जागा तेवढी लक्षात ठेवावी: तो विशेषणाच्या नंतर येतो. भारतात मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले. तेव्हा अठरा पूर्ण झालेल्या मुलीविषयी ‘शी इज ओल्ड इनफ टु व्होट’ असे म्हणायचे, ‘इनफ ओल्ड’ नाही. नामासोबत मात्र तो आधी येतो: ‘इनफ मनी टु बाय अ स्कूटर.’

सातवी पायरी : अंदाज आणि खात्री

‘लाइकली’, ‘सर्टन’, ‘शुअर’ यांचा गट लहान पण उपयोगी आहे. ‘द बस इज लाइकली टु बी लेट’ या वाक्यात ‘लाइकली’ हे बसचे वर्णन नाही, तो बोलणाऱ्याचा अंदाज आहे. महाबळेश्वरला निघालेल्याला ‘इट इज लाइकली टु रेन’ सांगताना ‘लाइकली’च्या जागी ‘प्रॉबेबल’ किंवा ‘पॉसिबल’ घालता येत नाही. ‘शुअर’ची एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे: ‘ही इज शुअर टु पास’ म्हणजे तो पास होणार याची मला खात्री आहे, आणि ‘ही इज शुअर ऑफ पासिंग’ म्हणजे त्याला स्वतःला तशी खात्री आहे. निकाल लागेपर्यंत या दोन वाक्यांतले अंतर पुष्कळ असू शकते.

‘फर्स्ट’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘ओन्ली’ यांच्यापुढेही इन्फिनिटिव्ह येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्याविषयी इंग्रजीत लिहायचे तर ‘ही वॉज द फर्स्ट ॲथलीट फ्रॉम इंडिपेंडंट इंडिया टु विन ॲन इंडिव्हिज्युअल ऑलिंपिक मेडल’ असे लिहितात. ‘जिंकणारा पहिला’ यातल्या ‘-णारा’चे काम इथे ‘टु विन’ करतो.

आठवी पायरी : जिथे ‘टु’ चालत नाही

काही विशेषणे स्वतःचे शब्दयोगी अव्यय सोबत घेऊन येतात आणि त्यांच्यापुढे क्रियापदाला ‘इंग’ लागतो. ‘गुड ॲट कुकिंग’, ‘कॅपेबल ऑफ डुइंग’, ‘फॉन्ड ऑफ रीडिंग’, ‘टायर्ड ऑफ वेटिंग’ ही जोडपी तशीच्या तशी पाठ करावीत. ‘एबल’ आणि ‘कॅपेबल’ यांचा अर्थ जवळचा असूनही ‘एबल टु डू’ आणि ‘कॅपेबल ऑफ डुइंग’ असा भेद आहे. ‘कॅपेबल टु डू’ हे अनेक अर्जांत आढळते आणि ते चूक आहे. ‘बिझी’ आणि ‘वर्थ’ यांना अव्ययही लागत नाही: ‘कास इज वर्थ व्हिजिटिंग.’ ‘वर्थ टु व्हिजिट’ असे छापलेले फलक दिसले तरी त्यांचे अनुकरण करू नये.

‘ॲम यूज्ड टु’ यातला ‘टु’ हा इन्फिनिटिव्हचा नाहीच. ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे. ‘ॲम’ वगळून ‘आय यूज्ड टु गेट अप अर्ली’ म्हटले तर पूर्वी लवकर उठत असे, आता नाही.

‘अफ्रेड’ आणि ‘सॉरी’ दोन्ही रचना स्वीकारतात. ‘ॲम अफ्रेड टु क्रॉस’ म्हणजे भीतीमुळे ओलांडायला धजत नाही. ‘ॲम अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे नकळत पडेन अशी भीती. ‘सॉरी टु डिस्टर्ब यू’ हे दार ठोठावतानाच म्हणायचे असते, ‘सॉरी फॉर शाउटिंग’ हे ओरडून झाल्यावर.

सरावासाठी एक संवाद

सातारा स्टँडवर एखाद्या पाहुण्याने ‘इज इट ईझी टु गेट टु कास फ्रॉम हिअर?’ असे विचारले आहे, असे समजा. कास पठार शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात त्याचा समावेश आहे. फुलांच्या हंगामात तिथे नोंदणी करून जावे लागते. उत्तर असे देता येईल: ‘येस, द प्लॅटो इज ईझी टु रीच. इन द फ्लॉवर सीझन इट इज बेटर टु बुक ऑनलाइन. द रोड इज हार्ड टु सी व्हेन द फॉग कम्स डाउन, सो इट इज नॉट सेफ टु ड्राइव्ह फास्ट. अँड प्लीज बी केअरफुल नॉट टु स्टेप ऑन द फ्लॉवर्स.’ पाहुणा म्हणेल, ‘इट इज काइंड ऑफ यू टु टेल अस.’

हा संवाद म्हणताना प्रत्येक ‘टु’पाशी थांबून क्रिया करणारा शोधावा. पठारावर पोहोचणारे पाहुणे आहेत, पठार नव्हे, म्हणून ‘रीच’नंतर ‘इट’ नाही. ‘हार्ड टु सी’मध्येही तसेच. जपून पाऊल टाकणारे मात्र तेच, ज्यांना ‘केअरफुल’ राहायला सांगितले आहे. सांगणारे तुम्ही आणि चांगुलपणाही तुमचा, म्हणून तिथे ‘ऑफ’. आभारांना उत्तर देताना ‘ग्लॅड टु हेल्प’ एवढे म्हटले तरी चालते. बोलण्यात आधीचे ‘आय ॲम’ गाळले जाते, आणि मदत करणारा व आनंद झालेला माणूस एकच असल्याने समोरच्याला ते बरोबर कळते.